हार्ट अटॅकनंतर मेलेला हृदयाचा स्नायू परत येतो का? स्टेम सेल, पॅच आणि बाकी सगळे प्रश्न

माझं शिक्षण लाइफ सायन्सेसमधलं, काही वर्षं लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम केलंय, आणि घरात बाबांचं हृदय अटॅकनंतर कमजोर झालेलं आहे, त्यामुळे नातेवाईक, बिल्डिंगमधले लोक, परळला ओपीडीच्या रांगेत शेजारी बसलेले लोक सगळे मला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस मला विचारू नका, तो तुमच्या कार्डिओलॉजिस्टलाच विचारायचा.

हार्ट अटॅकमध्ये नक्की मरतं काय?

हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या ज्या कोरोनरी नळ्या असतात त्यातली एक बंद झाली की तिच्यावर जगणारा स्नायू उपाशी पडतो. साधारण वीस-तीस मिनिटांनी पेशी कायमच्या मरायला लागतात, आतल्या थरापासून सुरुवात होते आणि मग काही तासांत ते बाहेरच्या थरापर्यंत पोचतं. डाव्या कप्प्यात, म्हणजे जो सगळ्या अंगाला रक्त ढकलतो त्यात, काही अब्ज स्नायूपेशी असतात आणि एका मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या अब्जभर जाऊ शकतात. अब्ज म्हणजे शंभर कोटी, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेलेल्या जागी शरीर काय करतं तर कोलॅजनचा घट्ट डाग तयार करतं, ज्याला डॉक्टर स्कार म्हणतात. हे चादर फाटल्यावर ठिगळ लावण्यासारखं आहे, भोक बुजतं, हृदय फुटत नाही, जीव वाचतो, पण ते ठिगळ आकुंचन पावत नाही. मग उरलेल्या स्नायूवर लोड येतो, कप्पा हळूहळू फुगतो, भिंत पातळ होते, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी माणूस दादरचा ब्रिज चढताना मध्येच थांबायला लागतो. याला हार्ट फेल्युअर म्हणतात. फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही, पंपिंग कमी पडतंय असं.

कातडी भरून येते, हाड जुळतं, लिव्हरसुद्धा वाढतं, मग हृदयालाच काय झालं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे त्यामुळे थोडं लांबवते.

बरीच वर्षं असंच मानत होते की माणूस जेवढ्या हृदयपेशी घेऊन जन्माला येतो तेवढ्याच शेवटपर्यंत. हे तपासायचं कसं, जिवंत माणसाचं हृदय कापून तर बघता येत नाही. तर स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या टीमने कमाल युक्ती काढली. १९५०-६० च्या दशकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्याने हवेतला कार्बन-१४ वाढला, मग १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. तोच कार्बन झाडांत, धान्यात आणि आपल्यात येतो, आणि नवीन पेशी तयार होते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो. म्हणजे मृत्यूनंतर मिळालेल्या हृदयाच्या पेशीतला कार्बन-१४ मोजला की ती पेशी साधारण कधीची आहे ते कळतं. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का हृदयपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे शून्य नाही, पण अब्जभर पेशी गेल्यावर त्या वेगाने काय भरून निघणार.

आता दुसरी बाजू बघा. क्रॉफर्ड मार्केटला फिश टँकवाल्यांकडे तो पट्ट्यापट्ट्यांचा इवलासा मासा मिळतो ना, झेब्राफिश, मूळचा आपल्याकडच्याच ओढ्यांतला, गंगेच्या खोऱ्यातला. २००२ मध्ये केनेथ पॉस आणि मार्क कीटिंग यांनी त्याच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला आणि दोनेक महिन्यांत मासा परत जसाच्या तसा, डाग न राहता. २०११ मध्ये टेक्सासमधल्या हेशम सादेक आणि एरिक ओल्सन यांच्या टीमने एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लावर तेच केलं, तेही भरून आलं! पण तेच पिल्लू सात दिवसांचं झालं की ती ताकद गेली, मग डागच पडतो.

म्हणजे हे कौशल्य आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या हृदयात जन्मतः असतं आणि नंतर कुलूपबंद होतं. का होतं याला बरीच कारणं सांगतात, जन्मानंतर अचानक मिळणारा भरपूर ऑक्सिजन, पेशीत दोन-दोन केंद्रकं होणं, आणि वाढीला ब्रेक लावणारे सिग्नल चालू होणं. दिवसाला लाखभर ठोके देणाऱ्या पेशीला मध्येच थांबून दोन भागांत विभागायला फुरसत कुठे आहे, असंही एक कारण पटण्यासारखं आहे. आणि जाताजाता, हृदयाचा कॅन्सर इतका क्वचित का ऐकू येतो त्याचंही एक कारण हेच मानलं जातं, की ह्या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत.

टू-डी इकोमध्ये ईएफ ३० टक्के आलाय, म्हणजे ७० टक्के हृदय मेलं का?

नाही, अजिबात नाही, आणि ही भीती कृपया आजच डोक्यातून काढा. ईएफ म्हणजे कप्प्यात जेवढं रक्त भरलं त्यातलं एका ठोक्यात किती टक्के बाहेर गेलं. तब्येतीने ठणठणीत माणसाचा पण ५५ ते ७० च असतो, शंभर कुणाचाच नसतो.

दुसरं म्हणजे अटॅकनंतर लगेच केलेल्या इकोत जे कमी दिसतं त्यातला काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न झालेला असतो. नळी उघडली, औषधं नीट चालू राहिली तर तो काही आठवड्यांत परत कामाला लागतो आणि ईएफ आपोआप वाढतो. हे दोन-तीन महिन्यांनी परत इको केल्यावर कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा कारण फसवणूक करणारे नेमका ह्याचाच फायदा घेतात, खाली येईलच.

स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन हृदय नवीन होतं असं व्हॉट्सअॅपवर आलंय, खरं आहे का?

स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशी मूळ पेशी. आज, ह्या घडीला, पैसे भरून घेता येईल असं कुठलंही स्टेम सेल इंजेक्शन हृदयाचा मेलेला स्नायू परत आणत नाही. मुंबईत नाही, अमेरिकेत पण नाही.

पण ही अफवा आली कुठून ते समजून घ्या, कारण तिच्या मुळाशी खरं संशोधन होतं. २००१ मध्ये डोनाल्ड ऑर्लिक आणि पिएरो आन्व्हर्सा यांचा पेपर आला की उंदराच्या हाडाच्या मगजातल्या, म्हणजे बोन मॅरोच्या पेशी हृदयात टोचल्या तर त्या हृदयाचा स्नायू बनतात. जगभर खळबळ. बोन मॅरो काढणं सोपं, पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच, शरीर नाकारायचा प्रश्न नाही, त्यामुळे लगेच माणसांवर पण सुरू झालं. मग २००४ मध्ये दोन वेगळ्या टीमनी नीट खुणा करून तपासलं तर त्या पेशी हृदयाचा स्नायू बनतच नव्हत्या. तरी ट्रायल चालू राहिल्या, कुठे थोडा फायदा दिसायचा, कुठे काहीच नाही. युरोपात बामी नावाची मोठी ट्रायल ठरली होती, ३००० रुग्णांची, मिळाले ३७५, आणि २०२० मध्ये निकाल आला त्यात मृत्यू कमी झाले असं म्हणण्यासारखं काही हातात नव्हतं. मॅरोमधल्याच दुसऱ्या एका प्रकारच्या पेशींची ट्रायल पाचशेहून जास्त हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर झाली, तिथेही जो मुख्य प्रश्न ठरवला होता, परत परत ॲडमिट व्हायची वेळ कमी येते का, त्याचं उत्तर नाही असंच आलं.

आणि तो संशोधनातला घोटाळा म्हणतात तो काय?

तोच आन्व्हर्सा यांचा. नंतर त्यांनी सांगितलं की मोठ्या माणसाच्या हृदयातच स्वतःच्या स्टेम सेल असतात, सी-किट नावाच्या खुणेने ओळखता येणाऱ्या. इतर लॅबना ते जमेना. २०१७ मध्ये त्यांच्या हॉस्पिटलने सरकारी ग्रँट मिळवताना खोटा डेटा वापरल्याच्या आरोपाखाली अमेरिकन सरकारला १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आणि २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्या हॉस्पिटलने मिळून ह्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्या असं जर्नल्सना कळवलं.

मला ह्याचा खरंच राग येतो. नुसते पैसे वाया गेले नाहीत, त्या पेपरांवर विसंबून आजारी माणसं ट्रायलमध्ये गेली, आपलं हृदय उघडून दिलं. पण ह्यावरून अख्खं क्षेत्रच खोटं आहे असं समजू नका, कारण हे उघडकीला आणलं ते इतर हृदयसंशोधकांनीच, परत परत प्रयोग करून.

मग ज्यांना इंजेक्शननंतर थोडं बरं वाटलं ते का वाटलं?

काहींचा सुन्न स्नायू तसाही जागा होणार होता. काहींना सोबतची औषधं नीट मिळायला लागली. आणि एक गंमतशीर उत्तर २०१९ मध्ये सिनसिनाटीच्या जेफ्री मोल्केन्टिन यांच्या लॅबने दिलं, त्यांनी उंदरांमध्ये जिवंत पेशी टोचल्या, मेलेल्या पण टोचल्या, आणि नुसतं सूज आणणारं रसायनही टोचलं, तिन्हीने सारखाच थोडा फायदा! म्हणजे पेशी स्नायू बनत नव्हत्या, टोचल्यामुळे इम्यून सिस्टीम जागी व्हायची आणि डागाची डागडुजी जरा बरी व्हायची.

आता नवीन जे चाललंय ते वेगळं कसं?

वेगळं असं की आता दुसऱ्या कुठल्या पेशीने हृदयपेशी बनावं अशी आशा करत बसत नाहीत, आधी लॅबमध्ये खरीखुरी हृदयपेशी बनवतात, ती धडधडताना डोळ्याने बघतात, आणि मगच हृदयावर ठेवतात.

हे शक्य झालं जपानच्या शिन्या यामानाका यांच्यामुळे. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या कातडीच्या पेशीत फक्त चार जीन्स (जनुकं) घातले आणि ती पेशी उलटी फिरून गर्भातल्या पेशीसारखी झाली, जिच्यापासून काहीही बनवता येतं. २००७ मध्ये माणसाच्या पेशीतही जमलं, २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. ह्या पेशींना आयपीएस म्हणतात. त्यांना ठराविक क्रमाने ठराविक रसायनं दिली की आठ-दहा दिवसांत डिशमध्ये ठोके सुरू होतात. ज्यांनी हे पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलंय त्यांना विचारा, कितीही वर्षं लॅबमध्ये काढली असली तरी त्या क्षणी सगळं काम बाजूला राहतं आणि माणूस नुसता बघत राहतो.

जपानमध्ये माणसांवर झालंय ना? तिकडे जाऊन करता येईल का?

झालंय. ओसाका युनिव्हर्सिटीच्या योशिकी सावा यांच्या टीमने जानेवारी २०२० मध्ये पहिल्या रुग्णाच्या हृदयावर आयपीएसपासून बनवलेल्या हृदयपेशींचे पातळ पडदे लावले, एकूण साधारण १० कोटी पेशी. छोटी ट्रायल होती, आठ रुग्णांची. २०२५ मध्ये त्यांच्या कंपनीने जपान सरकारकडे परवानगीसाठी अर्जही केला. टोकियोच्या केइओ युनिव्हर्सिटीतल्या केइची फुकुदा यांची टीम पडदे न लावता पेशींचे बारीक गोळे करून थेट स्नायूत टोचतेय.

आता आकडा आठवा, गेल्या अब्जभर, लावल्या दहा कोटी. आणि पडदा बसतो हृदयाच्या वर, आतल्या स्नायूला वायरिंगने जोडला जातोच असं नाही. त्यामुळे फायदा होत असला तरी तो नव्या स्नायूने पंप केल्यामुळे आहे की पेशींनी सोडलेल्या रसायनांनी नव्या रक्तवाहिन्या फुटल्यामुळे, हा वाद चालू आहे आणि मला दुसरं जास्त पटतं.

जपानचं अजून एक उदाहरण मुद्दाम सांगते. २०१५ मध्ये तिथे मांडीच्या स्नायूतल्या पेशींचा पडदा, हार्टशीट नावाचा, अटी घालून मंजूर केला होता, वापरता वापरता पुरावा गोळा करा म्हणून. २०२४ मध्ये पुरावा बघितला तर फायदा सिद्ध झाला नाही, आणि तो बंद झाला. म्हणजे "जपानमध्ये मंजूर आहे" एवढं ऐकून घर गहाण टाकायला जाऊ नका, आधी विचारा कुठल्या अटीवर मंजूर आहे.

आणि ओसाकाच्या २०२५ च्या एक्स्पोमधलं ते छोटं धडधडणारं "आयपीएस हार्ट" बघून खूप जणांनी मला व्हिडिओ पाठवला. सुंदर आहेच, पण ते जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटरचं आहे, दाखवायला बनवलेलं, कुणाच्या छातीत बसवायचं हृदय नव्हे.

जर्मनीचा पॅच काय प्रकार आहे?

सध्या मला सगळ्यात जास्त आशा ह्यातच वाटते. गटिंगेनचे वोल्फ्राम-हुबर्टुस झिमरमान आयपीएसच्या हृदयपेशी आणि आधार देणाऱ्या पेशी कोलॅजनमध्ये मिसळून खरा आकुंचन पावणारा जाडसर स्नायू तयार करतात आणि तो हृदयावर शिवतात. आधी माकडांवर केलं, काही महिने नीट तपासलं. मग ४६ वर्षांच्या एका बाईंना, ज्यांचं हृदय खूप कमजोर होतं, ४० कोटी पेशींचा पॅच लावला. तीन महिन्यांनी त्यांना ट्रान्सप्लांटसाठी हृदय मिळालं, आणि त्यामुळे जुनं हृदय काढून आत बघता आलं! पॅच जिवंत होता, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये हे नेचर ह्या जर्नलमध्ये छापून आलं.

एका बाईंवरून सगळ्यांचं ठरत नाही, पण माणसाच्या हृदयावर बाहेरून लावलेला स्नायू टिकतो हे इतकं स्पष्ट डोळ्यांनी दिसलं ही फार मोठी गोष्ट आहे.

मग अडलंय कुठे?

बऱ्याच ठिकाणी अडलंय.

सगळ्यात अवघड म्हणजे ताल. लॅबमधली हृदयपेशी वयाने गर्भातल्या बाळाच्या पेशीसारखी असते, ती स्वतःहून ठोके देत राहते, आणि मोठ्या हृदयात ठेवली की तिथला एक ताल आणि हिचा दुसरा. सिॲटलच्या चार्ल्स मरी यांच्या टीमने २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात १ अब्ज पेशी टोचल्या, स्नायू छान रुजला, पण सगळ्या माकडांमध्ये ठोक्यांचा ताल बिघडला. काही आठवड्यांत तो शांत होतो, पेशी मोठ्या झाल्या की, पण कमजोर हृदयाच्या माणसाला तेवढे आठवडे काढणं जिवावर बेतू शकतं. आता त्याच टीमने पेशींचे जीन्स बदलून आपसूक ठोके सुरू करणाऱ्या पेशीच्या पडद्यातल्या वाहिन्याच (रक्तवाहिन्या नव्हे, आयन चॅनल) बंद करायचा प्रयत्न केलाय.

मग टिकणं. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच धुतल्या जातात किंवा मरतात. त्यात ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून मिलीमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या पलीकडे फारसा पोचत नाही, म्हणजे जाड पॅच लावायचा तर आत नळ्या पाहिजेत.

इम्यून सिस्टीमचा प्रश्न आहेच, दुसऱ्याच्या पेशी असतील तर इम्यून सिस्टीम दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि मग इन्फेक्शनची भीती, स्वतःच्या पेशींपासून बनवायचं तर महिनोन्महिने जातात आणि खर्च अफाट. आणि कोट्यवधी पेशींमध्ये थोड्याशा कच्च्या आयपीएस राहिल्या तर त्यांची गाठ होऊ शकते, म्हणून प्रत्येक बॅच किती वेळा तपासायची ह्यालाच अर्धा वेळ जातो.

पेशी बाहेरून न घालता, हृदयातच काही करता येणार नाही का?

तेही चाललंय. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दीपक श्रीवास्तव यांच्या लॅबने, मासाकी इएदा यांच्यासोबत, फक्त तीन जीन्सनी उंदराच्या डाग बनवणाऱ्या पेशींनाच थेट हृदयपेशींसारखं केलं. डागाचाच स्नायू करायचा, कल्पना किती भारी आहे बघा. माणसात अजून ते पोचलेलं नाही.

दुसरा रस्ता म्हणजे ते कुलूप उघडायचं, झोपलेल्या पेशींना परत विभागायला लावायचं. इटलीत मौरो जाक्का यांच्या टीमने डुकरांमध्ये अटॅकनंतर एक मायक्रोआरएनए, म्हणजे जीन्सचं काम कमी-जास्त करणारा छोटा रेणू, दिला, महिन्याभरात डाग कमी, पंपिंग चांगलं, सगळे खूश. पण त्याचं काम थांबलं नाही, आणि पुढे बरीचशी डुकरं अचानक ताल बिघडून मेली. २०१९ चा हा पेपर. कुलूप उघडता येतं, पण परत लावायचं कसं हे जमलं पाहिजे, म्हणून आता थोडा वेळच काम करून विरघळून जाणाऱ्या आरएनएवर भर आहे.

थ्रीडी प्रिंट केलेलं हृदय? डुकराचं हृदय?

प्रिंटचं म्हणाल तर तेल अवीवमध्ये २०१९ ला सशाच्या हृदयाएवढं प्रिंट केलं, पेशी आकुंचन पावतात पण रक्त पंप करत नाही. डुकराचं हृदय हा वेगळाच विषय आहे, तो बदली करण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला जीन्स बदललेल्या डुकराचं हृदय पहिल्यांदा माणसाला बसवलं, तो माणूस साधारण दोन महिने जगला.

आपल्या मुंबईत ह्यातलं काही होतंय का?

मुंबईचं नाव ह्या गोष्टीत बरंच जुनं आहे आणि लोकांना माहीत नसतं म्हणून वाईट वाटतं. केईएमचे डॉ. पी. के. सेन यांनी १९६० च्या दशकात सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा अभ्यास केला, तिथे कप्प्यातलं रक्त थेट भिंतीत झिरपून स्नायूला मिळतं, मग त्यांनी विचार केला की माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक भोकं पाडून तसंच करता येईल का. पुढे लेझरने हेच जगभर करून बघितलं गेलं. त्याच सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये परळला आशियातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, रुग्ण काही तासच जगला, पण जगातलं पहिलं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते! त्यानंतर मुंबईत यशस्वी प्रत्यारोपण व्हायला २०१५ उजाडलं, पुण्याहून हृदय आणून मुलुंडला.

स्टेम सेलमध्ये परळच्याच एनआयआरआरसीएच ह्या आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थेने माणसाच्या गर्भपेशींच्या काइंड-१ आणि काइंड-२ ह्या लाइन्स, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, तयार केल्या. कॅन्सरमध्ये तर आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या सीएआर-टी थेरपीला (रुग्णाच्याच इम्यून पेशी बदलून कॅन्सरशी लढायला लावायच्या) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे जिवंत पेशींचं औषध इथे बनवून परदेशापेक्षा कमी किमतीत देता येतं हे सिद्ध झालंय. हृदयासाठी तसं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण आज तसं औषध नाही.

एक क्लिनिक म्हणतंय स्वतःच्याच पेशी आहेत, साइड इफेक्ट नाही, काही लाख भरा. भरू का?

नका भरू. हात जोडून सांगते.

आयसीएमआर आणि डीबीटीच्या (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे भारतात स्टेम सेलचा नेहमीचा उपचार म्हणून मान्य वापर फक्त रक्ताच्या आजारांत, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे. हृदय, गुडघे, डायबेटिस, ऑटिझम, बाकी सगळं फक्त परवानगी घेतलेल्या ट्रायलमध्येच. आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे ज्या क्षणी "पॅकेज" असा शब्द आला त्या क्षणी उठायचं.

ते तुम्हाला आधीचा आणि नंतरचा इको दाखवतील, ईएफ ३० चा ४० झाला म्हणून. वर लिहिलंय ना, सुन्न स्नायू आपोआपही जागा होतो, त्यामुळे सोबत इंजेक्शन न घेतलेल्या तशाच रुग्णांचा गट नसेल तर त्या दोन कागदांना काही अर्थ नाही. एकाच इंजेक्शनने गुडघा पण बरा आणि हृदय पण बरं असं सांगत असतील तरी उठायचं. "स्वतःच्याच पेशी" हे पण ढाल म्हणून वापरतात, पण हृदयात सुई घालणं, कॅथेटर घालणं, बाहेर नीट न हाताळलेल्या पेशींतून इन्फेक्शन, हे धोके पेशी कुणाच्या आहेत हे बघून कमी होत नाहीत.

माणूस घाबरलेला असतो, मुलं म्हणतात पैसे गेले तरी चालतील पण बाबांसाठी सगळं करून बघू. ही भावना मला पूर्ण समजते. पण तेच पैसे चांगल्या फॉलोअपला, औषधांना, गरज असेल तर पेसमेकरसारख्या डिव्हाइसला लागतात आणि तिथे ते खरंच आयुष्य वाढवतात.

बाळाचं कॉर्ड ब्लड साठवलंय, आजोबांच्या हृदयाला उपयोगी पडेल का?

नाही. कॉर्ड ब्लड म्हणजे बाळाच्या नाळेतलं रक्त, त्यातल्या पेशी मुख्यतः रक्त बनवणाऱ्या असतात. भविष्यात कधीतरी लागेल म्हणून खासगी बँकेत पैसे भरून ठेवायची शिफारस आयसीएमआरसुद्धा करत नाही.

तोपर्यंत काय करायचं? नुसतं बसून राहायचं का?

बसून का राहायचं, आज जे आहे ते खूप आहे. कमी ईएफसाठी आता चार प्रकारची औषधं एकत्र देतात, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा त्याच्या आधीच्या पिढीतली, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी, आणि मूळची डायबेटिसची असलेली डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मेलेला स्नायू आणत नाहीत, पण फुगलेला कप्पा परत आवरायला मदत करतात आणि बऱ्याच जणांचा ईएफ खरंच वाढतो. यातल्या बऱ्याच औषधांची जेनेरिक आता मिळतात, महाग पडतायत म्हणून बंद करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की परवडत नाही, ते बदलून देतात. बरं वाटलं म्हणून बंद करणं तर त्याहून वाईट.

रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी साठलंय, लगेच फोन करा. पापड, लोणचं, फरसाण ह्यातलं मीठ मोजून खा. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या स्वतःहून आणून घेऊ नका, त्याने पाणी साठतं.

आणि घरातल्या बाकीच्यांना सांगून ठेवा, छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, म्हाताऱ्या माणसांत आणि बायकांत कधी नुसता दम लागणं, असं झालं की ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि कॅथ लॅब (जिथे अँजिओप्लास्टी करून बंद नळी उघडतात) असलेल्या हॉस्पिटलला जायचं. पहिल्या तासा-दोन तासांत नळी उघडली तर जेवढा स्नायू वाचतो तेवढा आजची जगातली कुठलीही लॅब परत देऊ शकत नाही.

मला खरोखरच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर?

चांगला विचार आहे, कुणीतरी पुढे झाल्याशिवाय हे संशोधन पुढे जाणार नाही. आधी सीटीआरआय ह्या सरकारी रजिस्टरवर ट्रायल शोधा, नंबर सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा असतो. पण रजिस्टरवर नाव आहे म्हणजे उपचार चालतो असं नाही, फक्त नोंद आहे एवढंच, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि औषध नियंत्रकांची परवानगी आहे का तेही विचारा. संमतीचा फॉर्म तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा, मराठीत हवा असेल तर मराठीत, तो तुमचा हक्क आहे. त्यात तीन गोष्टी बघा, मला खरी पेशी मिळेल की नुसतं सलाइन हे कोण ठरवणार, काही बिघडलं तर उपचार आणि भरपाई कोण देणार, आणि मध्येच बाहेर पडायचं असेल तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील का. तिथल्या तिथे सही करायची घाई करू नका, फॉर्म घरी आणा, घरच्यांसोबत बसून वाचा, आपल्या नेहमीच्या कार्डिओलॉजिस्टला दाखवा, आणि एक कॉपी आपल्या फाइलमध्ये शेवटच्या इकोच्या रिपोर्टसोबत लावून ठेवा.